अर्धा खर्रा

आनंदराव खोब्रागडे यांच्या अंगावर आयुष्यात एकदाच शाल पडली, आणि ती ज्या गोष्टीसाठी पडली ती गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. शहापूरच्या विहाराच्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर, जिथं दोन माणसं निवांत बसलेली दिसली तिथं ते ती सांगायला घेत. त्यांची बायको धुरपता म्हणायची, "यांची गोठ सुरू झाली का मी वरन चुलीवर ठेवतो. 'अकरा दिवस' आले का मीठ टाकतो, 'विहीर' आली का फोडणी. आजपावतर करपलं नाही."

गोष्ट अशी होती.

आनंदराव भंडाऱ्याला एका निरीक्षणगृहात बावीस वर्षं काळजीवाहक होते. चोरीत, मारामारीत सापडलेली अठराच्या आतली पोरं कोर्टाच्या कागदावर तिथं यायची. कुणी पंधरा दिवस राहायचं, कुणी वर्ष. पोरं त्या जागेला होम म्हणायची आणि आनंदरावांना मामाजी. २००१ च्या उन्हाळ्यात कारध्याच्या ढिवराचा, म्हणजे मासे धरणाऱ्याचा, एक पोट्टा आला. टेकचंद नाव, अकरा वर्षांचा. शेतातल्या मोटारपंपाची तांब्याची तार कापली होती त्यानं, तीही भर दुपारी, कारण तेव्हा लोडशेडिंग असायचं आणि तारेत करंट नसायचा. एवढी अक्कल असलेला पोट्टा तारेचं भेंडोळं मांडीवर घेऊन शेतातच बसून राहिला होता, पळाला नव्हता. खिशात पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब आणि ती हुंगायची चिंधी. तोंडातून शब्द मात्र नाही.

अधीक्षकांनी बिस्किटं दिली. शिपायानं कान पिळला. डॉक्टरांनी घसा पाहून कागदावर 'मुका' लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी दुपारी आनंदराव त्याला घेऊन आवारातल्या चिंचेखाली बसले. काही विचारलं नाही. खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना घालून घोटून घोटून मऊ केलेला ताजा खर्रा. त्याचे दोन भाग केले, एक आपल्या गालात सारला, दुसरा पोट्ट्याच्या तळहातावर ठेवला. पोट्ट्यानं तो तोंडात टाकला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "मामाजी, छोटू अजून विहिरीतच हाये का?"

इथं आनंदराव थांबत, ऐकणाऱ्याचं तोंड पाहत. मग सांगत, की छोटू हा त्याचा सात वर्षांचा भाऊ. दोघं मिळून तार कापत होते, मालक धावत आला, पळता पळता छोटू बिनकठड्याच्या विहिरीत गेला. त्याचं प्रेत त्याच संध्याकाळी बाहेर काढलं होतं. पण तो कागद एका ठाण्यात, चोरीचा कागद दुसऱ्या ठाण्यात. या लेकराला कुणी सांगितलंच नाही.

"आन् बोलला कोनापाशी?" आनंदराव विचारत आणि आपल्याच छातीवर बोट ठेवत. "ना साहेबापाशी, ना डॉक्टरापाशी. अर्ध्या खर्ऱ्यात बोलला जी माह्यापाशी."

२०१४ साली रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी हेच सांगितलं. नागपूरहून आलेल्या साहेबांचे डोळे ओले झाले, त्यांनी स्वतः उठून शाल घातली.

टेकचंदनंतर तर ती रीतच पडून गेली. नवा पोट्टा आला, घुम्या बसला, की अधीक्षकच म्हणायचे, "आनंदराव, न्या बरं याला चिंचेखाली." आणि पोट्टे बोलायचे. कुणाचा बाप मोहाची पिऊन आईला दाराबाहेर काढायचा, कुणाला रेतीच्या ट्रकवाल्यांनी पोसलं होतं, कुणी काय नि कुणी काय. सोल्युशन हुंगणाऱ्यांचं सोल्युशन सुटायचं. चिंधीची आठवण आली की पोट्टा मामाजीकडं यायचा, मामाजी पन्नी सोडायचे. आनंदरावांना वाटायचं, सरकारनं आपल्याला पगार द्यावा तो यासाठीच.

ते दिवसही तसे होते. कौलारू भाड्याची इमारत, मागं लहानशी बोडी, बोडीत कमळं. आनंदराव आपल्या सुटीच्या दिवशी पोट्ट्यांना शहापूरला भावाच्या बांधीत रोवण्याला न्यायचे. चिखलात गुडघ्याएवढे रुतलेले पंधरा पोट्टे, वाकून धानाचं रोप लावतायत आणि एकमेकांच्या पाठीवर चिखल थापतायत. धुरपता बांधावर शिदोरी घेऊन यायची, भात आणि सांबार, आणि कोण चोर, कोण मारामारीवाला, काही न विचारता वाढायची. भाऊबीजेनंतर मंडईची जत्रा भरायची, तेव्हा पोट्ट्यांनी एका साली दंडार बसवली. त्यात बाई झालेला पोट्टा नाच संपल्यावर लुगड्यासकट पळाला. चौकीवर कळवलं, गाड्या धावल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पोट्टा आपल्या पायानं फाटकात हजर. हातात लुगडं, धुतलेलं, घडी घातलेलं. "मामीचं होतं म्हणून आलो," म्हणाला. "होमचं असतं तं नसतो आलो."

आता ती इमारत नाही. चिंचही नाही, तिथं चार मजले उभे झाले. आनंदराव कधी भंडाऱ्याला गेले तर उगीच एक थांबा आधी उतरायचे आणि त्या मजल्यांसमोरून चालत जायचे.

अडुसष्टाव्या वर्षी त्यांच्या दारात प्रतिक्षा आली. मूळची लाखांदूरची, नागपूरला समाजकार्यात पीएचडी करत होती. निरीक्षणगृहात राहिलेली मुलं पुढं काय झाली, त्यांच्यावर लहानपणी काय कोसळलं होतं, व्यसन कधी लागलं, हे तिला शोधायचं होतं. मुलांचे जुने कागद कायद्यानं कुणाला दाखवत नाहीत. पण माणसं तर या तालुक्यातच होती, आणि ती कुठं आहेत हे फक्त आनंदरावांना ठाऊक होतं.

"मी आधी सरळ वस्त्यांमधून फिरून पाहिलं, काकाजी," ती ओसरीवर बसत म्हणाली. "चौदा जणांना विचारलं, नशा करता का. चौदाही जण नाही म्हणाले. आणि बोलता बोलता चौदाही जण थुंकायला उठले."

"मंग बरोबर तं म्हणले," आनंदराव म्हणाले. "खर्रा का नशा हाये?"

"मग काय आहे?"

आनंदराव उत्तर द्यायला गेले, पण गालात ऐवज होता, मान वर करून बोलावं लागलं. आतून धुरपता म्हणाली, "थांब पोरी, थुकून आल्यावर सांगतीन."

त्यात आनंदरावांचं खोटं काही नव्हतं. त्यांचा जन्म छप्पनचा. बाप नागपूरला जाऊन धम्म घेऊन आला त्याच साली हे पाळण्यात. घरात पंचशील रोजचं. पाचवं शील नशापाण्याचं, ते आनंदरावांनी असं पाळलं की लग्नातही कुणी त्यांच्यापुढं ग्लास करायला धजत नसे. दर रविवारी विहारात ते पाचही शीलं मोठ्यानं म्हणत, आणि म्हणताना सदऱ्याच्या खिशात पन्नी असे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं, आणि विहारात दुसऱ्या कुणाच्याही नाही. बहुतेकांच्या खिशात होतीच.

प्रतिक्षा हुशार. पुढच्या आठवड्यात तिनं प्रश्न बदलला: झोपेतून उठल्यावर, जेवल्यावर, कामाला लागताना तोंडात काय टाकता? मग तिची पानं भरू लागली.

सात महिने आनंदराव तिच्या स्कुटीवर मागं बसून फिरले. डोक्यात हेल्मेट, त्यावरून धुरपतानं बांधलेला दुपट्टा. आधी ते एकटे जाऊन विचारायचे, "एक पोरगी आली हाये, तुह्याशी बोलाचं म्हणते, येऊ देऊ का?" हो म्हटलं तर दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जायचे. पोट्टे आता बाप्ये झाले होते. कुणी सेंट्रिंगवर, कुणी धानाच्या मिलमध्ये हमाल, एक जण चक्क होमगार्ड. सगळे मामाजींना पाहून हरखायचे. मुलाखत सुरू झाली की प्रतिक्षा म्हणायची, "काकाजी, तुम्ही जरा बाहेर बसा, हे दोघांतच बोलायचं असतं." आनंदराव बाहेर खाटेवर बसून त्या घरच्या लेकरांना आपली गोष्ट सांगायचे. एकदा तिनंही ती गोष्ट ऐकली, फोनवर रेकॉर्ड करून घेतली. आनंदरावांना वाटलं होतं, ही टाळ्या वाजवेल. तिनं फक्त विचारलं, "असं किती मुलांना देत होते, काकाजी?"

"सगळ्याईले," आनंदराव अभिमानानं म्हणाले. "मी भेदभाव नाही केला कधी."

अठरा घरं झाली. टेकचंदचं घर आनंदरावांनी मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. सात-आठ वर्षं भेट नव्हती. पण माणूस कारध्यातच होता, नदीवर मासे धरत होता, आणि त्यांच्या साऱ्या नोकरीचा पुरावा तोच होता. त्याला प्रतिक्षासमोर उभा करायचा आणि म्हणायचं, पाहा.

पाऊस सरून थंडी लागायच्या बेतात होती तेव्हा दोघं कारध्याला गेले. सकाळची वेळ. घरासमोर टेकचंद जाळं सोडवत बसला होता. मामाजी दिसताच उठला, पाया पडला. उंच, रापलेला, चौतिशीतला गडी.

"कसे हा जी, मामाजी? मामी बरी हाये?"

आवाज दातांतून गाळून आल्यासारखा. आनंदराव हसले. "अबे आदी थुक ते, मंग बोल. पाव्हण्यासमोर तरी तोंड रिकामं ठेव."

टेकचंदही हसला. पण हसताना त्याचे गाल हलले नाहीत. "काही नाही जी तोंडात," तो म्हणाला. "हे असंच हाये."

त्याची बायको नीतू पाणी घेऊन आली होती. तिनंच सांगितलं, हातातला तांब्या तसाच धरून. "आदी तिखट लागे. मंग घास मोठा जाईना. आता तं चमचाच जाते. डॉक्टर बोटानं मोजते जी, उभी बोटं लावून. चांगल्या मानसाची तीन जाते. यांची दीड." ती थोडी थांबली. "ढिवराच्या घरी मी बिनमिरचीचे मासे रांधतो. काटे काढून, कुस्करून. लेकरं हासते, म्हणते, बाबा लहान बाळ झाला."

"खर्ऱ्यानं?" आनंदरावांनी विचारलं.

"दुसऱ्या कायनं? दोन वर्सं झाले, सोडला. पन सोडल्यानं तोंड उघडत नाही म्हणते."

आनंदरावांनी तोंड बाजूला वळवलं, कुणी पाहत नाही असं वाटून आपली बोटं उभी करून ओठांत घातली. तीन गेली. चौथंही जात होतं. पंचावन्न वर्षांहून अधिक खाणाऱ्याचं तोंड फाटकासारखं उघडत होतं. हात खाली घेतला तर समोर प्रतिक्षा त्यांच्याकडं पाहत होती. तिनं लगेच पिशवीतून कागद काढायला घेतले.

संमतीपत्र तिनं वाचून दाखवलं. नाव येणार नाही, क्रमांक येईल. नको वाटेल त्या प्रश्नाला थांबता येईल. टेकचंदनं सही केली, वळणदार, आनंदरावांनीच होममध्ये शिकवलेली.

"काकाजी, तुम्ही जरा..."

"कायले?" टेकचंद म्हणाला. "बसू द्या त्याईले. मामाजीपासून लपवाले माह्याजवळ हाये काय?"

प्रतिक्षानं दोनदा समजावलं. तो ऐकेना. मग आनंदराव तिथंच, ओसरीच्या खांबाला टेकून बसले. आजवर अठरा घरांत जे भिंतीपलीकडं चाललं होतं ते पहिल्यांदा त्यांच्यासमोर सुरू झालं.

टेकचंद सरळ सांगत गेला. शाळा चौथीपर्यंत. बाप भैयालाल पिणारा, पण मारणारा नव्हे, नुसता रडणारा. सोल्युशन नवव्या वर्षी, बसस्टँडवर, पंक्चरवाल्याच्या पोरानं दाखवलं. छोटूबद्दल विचारलं तेव्हा जाळ्याची एक गाठ त्यानं सोडवली, परत मारली, परत सोडवली, आणि सांगितलं. सोल्युशन कधी सुटलं? "होममध्ये." प्रतिक्षानं पान उलटलं.

"तंबाखू, खर्रा, पहिल्यांदा कुठं खाल्ला? कुणी दिला?"

आनंदराव खांबापासून थोडे पुढं सरकले. गोष्टीतली त्यांची जागा आली होती.

टेकचंदनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. "तोही बसस्टँडवरच," तो म्हणाला. "कोन्या दोस्तानं देला असन. आता आठवत नाही."

कागदावर चौकटी होत्या. आईवडील, नातेवाईक, मित्र, दुकानदार, इतर. प्रतिक्षाचा पेन 'मित्र'वर जाऊन थांबला. डोळ्याची पापणी हलेपर्यंतचाच वेळ, पण ती थांबली, आणि त्या वेळात तिनं आनंदरावांकडं पाहिलं. तिच्या फोनमध्ये त्यांची गोष्ट त्यांच्याच आवाजात होती. तरी उत्तर टेकचंदचं होतं. तिनं खूण केली.

नीतूनं चहा आणला. टेकचंद बशीत ओतून, ओठ बशीच्या काठाला लावून ओढू लागला.

आनंदरावांच्या हातात कप तसाच राहिला. अठरा घरं त्यांच्या डोळ्यांपुढून जाऊ लागली. मुलाखत झाल्यावर प्रत्येक जण बाहेर येऊन त्यांचा हात जरा जास्तच वेळ धरत होता. मिलमधला हमाल तर म्हणाला होता, "मामाजी, मी काही नाही सांगतलं, फिकर नोका करू." त्यांना वाटलं होतं, आपल्या चोऱ्यांबद्दल म्हणतो. आता गप्प बसलं तर काही बिघडत नव्हतं. शाल पेटीत राहिली असती, गोष्ट जिभेवर. ज्याचं तोंड मिटलं त्यानंच त्यांना सोडवलं होतं.

"खोडा ते," आनंदराव म्हणाले.

"काय, काकाजी?"

"मित्र लिवलं ना, ते खोडा. मी देला. होममध्ये, चिंचेखाली. त्याच्या आदी त्यानं खर्रा पाह्यला असन, खाल्ला नव्हता. मी सांगतो."

टेकचंदनं बशी खाली आपटली. "काहून जी? तुमाले कोनी विचारलं?"

"खरं हाये ते."

"खरं हाये हे का मले मालूम नाही? मी का इसरलो?" दातांतून शब्द काढताना त्याच्या गळ्याच्या शिरा ताठत होत्या. "अकरा दिवस सगळे मले हलवून राहिले होते, जसा काही मी डबा हावो न् आतमंधी काही अडकलं हाये. तुमी एकटे बाजूले बसले. माह्या अख्ख्या लहानपणात तो एक दिवस हाये मामाजी, चांगला. तो तुमी त्या चौकटीत टाकून राहिले."

नीतू दारात उभी होती.

"आन् गोठ तरी नीट सांगत जा," टेकचंद पुढं म्हणाला, आता आवाज जरा उतरला होता. "सगळ्या तालुक्यात सांगता, मी म्हणलो 'छोटू विहिरीत हाये का'. आदी ते नव्हतो म्हणलो."

"तेच म्हणला तू."

"नाही जी. आदी म्हणलो, 'अजून हाये का?' तुमी हासले. तुमच्या गालात गेला तो सोडून, पन्नीत जो उरला होता तो सगळा देला मले. मंग मी छोटूचं म्हणलो. अर्धा नव्हता तो. पुरा होता."

आनंदरावांनी आठवून पाहिलं. चिंचेची सावली आठवली, पोट्ट्याचा मळका तळहात आठवला. आणि हो, तो हात दुसऱ्यांदा पुढं आला होता. त्यांना हसूही आलं होतं. एवढी वर्षं ते हसू गोष्टीतून कधी गळून गेलं, त्यांना कळलं नव्हतं.

"बाकीच्याईनं काय लिवलं?" त्यांनी प्रतिक्षाला विचारलं. "अठरा जनाईनं?"

"ते मला सांगता येत नाही, काकाजी."

आनंदरावांनी मान हलवली. उत्तर मिळालं होतं.

प्रतिक्षा टेकचंदकडं वळली. "दादा, उत्तर तुमचं आहे. तुम्ही सांगाल तेच राहील. काय लिहू?"

टेकचंदनं जाळं मांडीवर ओढलं. गाठी चाचपल्या. मग म्हणाला, "लिवा. मामाजीनं देला. पन दुसऱ्या दिवसाचंही लिवा मंग. मामाजीनं मले सायकलच्या दांडीवर बसवून इथं घाटावर आणलं होतं. साहेबाले न विचारता. उनाच्या झळा लागून राहिल्या होत्या, टायर दोनदा बसला. छोटूले कोठी पुरलं ते लोकाले विचारून विचारून दाखवलं मले. मी तिथं बसलो गंज वेळ. हे डोक्यावर दुपट्टा धरून उभे." त्यानं पहिल्यांदा आनंदरावांकडं सरळ पाहिलं. "ते जागा चुकीची होती, मामाजी. त्याले वरच्या अंगाले पुरलं होतं. मले मंग बाबानं दाखवली. तुमाले नाही सांगतलं मी. तुमी एवढे घामेघूम होऊन आले होते."

आनंदरावांना हे कधीच ठाऊक नव्हतं. सायकलचं तर ते विसरलेही होते. त्यांच्या गोष्टीत विहिरीनंतर टाळ्या यायच्या, पुढचा दिवस कुणी विचारला नव्हता.

"हे दोन्ही लिवाल तं लिवा," टेकचंद म्हणाला. "एक लिवून एक सोडाल तं मी सही नाही करत."

"सही तं झाली ना तुमची," नीतू दारातून म्हणाली.

"मंग खोडतो."

प्रतिक्षानं 'मित्र'वर काट मारली, 'इतर'वर खूण केली, पुढच्या रेघेवर 'संस्थेतील कर्मचारी' असं लिहिलं. मग कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सायकलचं लिहू लागली. टेकचंद थांबून थांबून सांगत होता, जबडा दुखला की हातानं दाबत होता. लिहून झाल्यावर तिनं पिशवीतून दुसरे कागद काढले, वेगळ्या रंगाचे.

"काकाजी, कर्मचाऱ्यांचं वेगळं पान आहे. मी आजवर तुम्हाला विचारलं नाही. विचारू का?"

"माह्यं कायले?"

"तुम्ही तिथं होते म्हणून. नाव येणार नाही."

"आलं तरी चालन."

"येत नसते," ती हसून म्हणाली. आणि संमतीपत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. आनंदरावांनी सही केली. शिक्षण, नोकरी, वय. मग तिनं पेन फिरवला आणि मघाचाच प्रश्न वाचला, त्याच आवाजात. "तंबाखू पहिल्यांदा कुठं खाल्ला? कुणी दिला?"

जन्मभर दुसऱ्यांना बोलतं करणाऱ्या या माणसानं पाठ पुन्हा खांबाला टेकवली. हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही नाही. मग हळूहळू चिखलाचा वास आला. दुसऱ्याची बांधी, वाकलेली माणसांची ओळ, आणि त्या ओळीत बाप. भाकरीला वेळ होता आणि पोटात आग पडली होती.

"सहा-सात वर्साचा असन मी," ते म्हणाले. "रोवण्यात. रडून राहिलो होतो भुकेनं. माह्या बापानं दारू सोडली होती, बाई, धम्म घेतला त्याच दिवशी सोडली. लय चांगला मानूस. हाताले चिखल होता म्हणून त्यानं आदी हात धुतला..."

प्रतिक्षानं पेन टेकवला नाही. टेकचंदनं जाळं बाजूला ठेवलं, सरकून त्यांच्याशेजारी आला आणि काही न विचारता, तोंड नदीकडं करून, नुसता बसला.